आजोबांची नादारी

आमच्या शिवाजी पेठेतल्या घराची वाटणी झाली तेव्हा प्रत्येकाच्या पदरात काही ना काही पडले. थोरल्या काकांना रस्त्याकडची खोली मिळाली, धाकट्यांना मागचा सोपा, आत्याला तांब्याचा बंब. मला मधली खोली आणि 'कागद' मिळाले. "तू बँकेत हाईस, तुला त्यातलं कळतं," असे थोरले काका म्हणाले. बँकेतल्या माणसाला कागदाची हौस असते अशी लोकांची समजूत आहे. हलवायाला जिलबीची असते, तेवढीच ती आम्हाला असते.

कागद म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. तिच्यात जुनी पंचांगे, घरपट्टीच्या पावत्या, कोणाच्या तरी लग्नाचा आहेर लिहिलेली वही आणि तळाशी, लाल दोऱ्याने बांधलेला, कोर्टाचा एक टाइप केलेला कागद निघाला. सन १९५६. वर आजोबांचे नाव, आणि मजकुरात एक शब्द ठळक दिसत होता : डिस्चार्ज.

"आजोबा कधी ॲडमिट होते?" बायकोने विचारले.

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. मर्कंटाईल लॉ हा विषय मला होता आणि त्यात मी पासही झालो होतो, यापलीकडे त्या विषयाचा आणि माझा संबंध राहिलेला नाही. तरीसुद्धा दोन ओळी वाचल्यावर अंगावर काटा आला. आमचे आजोबा, ज्यांच्या फोटोला आम्ही दर दसऱ्याला हार घालतो, ते १९५३ साली कायद्याने दिवाळखोर ठरले होते आणि १९५६ साली कोर्टाने त्यांना त्यातून मोकळे केले होते. घरात हे कोणी कधी बोलले नव्हते.

कायद्याच्या मराठीत दिवाळखोराला 'नादार' म्हणतात. आमच्या कोल्हापुरात 'नाद' या शब्दाला इतका मान आहे, की 'नादार' म्हणजे मोठा नादिक माणूस असावा असेच कोणालाही वाटेल. पण हा शब्द फारसीतून आलेला. ना-दार, म्हणजे ज्याच्याकडे काही नाही तो. पूर्वी शाळेत गरीब मुलांना फीमाफी मिळायची, तिलाही नादारीच म्हणत. हुशार पोराला नादारी मिळाली की आई पेढे वाटायची. शब्द तोच, पण मोठेपणी मिळाली की पेढे कोणी वाटत नाही.

'दिवाळे' या शब्दाची गंमत वेगळीच आहे. जुन्या काळी व्यापारी बुडाला की तो भर दिवसा दुकानात दिवे लावून बसायचा, अशी चाल सांगतात. दिवसा दिवा दिसला की घेणेकऱ्यांनी समजायचे, येथे आता तेल आहे तेवढेच शिल्लक आहे. बुडाल्याची जाहिरात बुडणाऱ्यानेच करायची! दिवा लावायचा कसा हे सगळ्यांना ठाऊक होते. तो विझवायचा कधी आणि कोणी, याबद्दल मात्र या चालीत काही सांगितलेले नाही.

आणि खरी अडचण तीच आहे. बुडणे सोपे. बुडणे संपते कधी?

आपल्याकडच्या जुन्या हिशेबाने ते संपतच नसे. ऋण हे मेल्यावरही सुटत नाही, पुढल्या जन्मी घेणेकऱ्याच्या दारात बैल होऊन ते फेडावे लागते, ही समजूत लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. (आमच्या बँकेतले वसुली अधिकारी ही योजना ऐकून हळहळतात. वसुलीसाठी एवढी मुदत त्यांना कोणी देत नाही.) या जन्मातली सोय शास्त्रकारांनी मुलाकडे लावून दिली होती. बापाचे कर्ज मुलाने व्याजासकट फेडावे, आजोबाचे नातवाने फक्त मुद्दल फेडावे आणि पणतूने काही देऊ नये, असे बृहस्पतीने सांगून ठेवले आहे. म्हणजे त्याच्या हिशेबाने माझ्याकडे आजोबांचे मुद्दल येत होते आणि व्याज माफ होते. इतकी सुटसुटीत सवलत योजना आमच्या हेड ऑफिसने आजवर काढलेली नाही. शिवाय दामदुप्पट होतेच. व्याज कितीही साठले तरी एका वेळी मुद्दलाएवढेच वसूल करता येते, त्याच्या वर नाही, असा तो नियम. हल्ली 'दामदुप्पट' म्हटले की लोक पैसे गुंतवायला धावतात. मूळचा नियम कर्जदाराला वाचवायला होता.

मुलांवरचा हा बोजा इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्याने हलका केला. बापाकडून जेवढे आले तेवढ्यापुरतेच द्यायचे. उरलासुरला धर्माचा धागा २००५ साली हिंदू वारसा कायदा दुरुस्त झाला तेव्हा तुटला. बाप, आजा किंवा पणजा यांच्या कर्जासाठी, केवळ धर्माने बांधला आहेस म्हणून, मुलाला, नातवाला किंवा पणतूला यापुढे कोर्टात धरता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हे वाचून मी त्या दिवशी जरा मोकळा श्वास घेतला.

कर्ज ही फक्त गरिबाची गोष्ट नव्हती. अटकेपार झेंडे लावणाऱ्यांच्या घरातही तगादे होते. थोरल्या बाजीरावांची कर्जापायी झालेली घालमेल त्यांच्या पत्रांतून दिसते. दिल्लीपर्यंत धडक मारणारा माणूस सावकारांपुढे हात जोडत होता. थोरल्या माधवरावांनी १७७२ मध्ये थेऊरला अखेरच्या दिवसांत कारभाऱ्यांसाठी जी कलमे लिहून ठेवली, त्यांत कर्ज फेडण्याची गोष्ट होती. राज्य गेले तरी चालेल पण देणे राहता कामा नये, अशी ती माणसे. त्यांना कोणी 'डिस्चार्ज' दिला असता तर बहुधा त्यांनी तो घेतला नसता.

विलायतेत याच्या उलट. तिथे आधी कर्जदाराला तुरुंगात घालीत. कोंडलेल्या माणसाने पैसे मिळवून कर्ज कसे फेडायचे, हा प्रश्न कोणाला फारसा पडला नाही. कादंबरीकार डिकन्सचा बाप १८२४ मध्ये असाच मार्शलसीच्या तुरुंगात पडला आणि बारा वर्षांच्या डिकन्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात जावे लागले. मात्र व्यापाऱ्याने सगळे प्रामाणिकपणे कोर्टापुढे ठेवले तर त्याला उरलेल्या कर्जातून सोडावे, ही कल्पनाही तिथलीच. राणी ॲनच्या कारकिर्दीत, १७०५ साली, तसा कायदा झाला. त्याच कायद्यात, मालमत्ता लपवली तर फाशी, असेही होते. सुटका किंवा फाशी, मधले काही नाही.

ती कल्पना बोटीत बसून आपल्याकडे आली. १८२८ साली मुंबईत नादारांचे कोर्ट निघाले, १८४८ साली नवा कायदा झाला आणि मग १८६५ साल उजाडले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईतला शहाणा माणूस शेअर घेत होता. युद्ध संपले, कापूस पडला आणि त्याबरोबर सगळे शहाणे पडले. आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड त्यांतच होते. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मुलगा मुंबईत नामांकित डॉक्टर झाला, शिलालेख वाचू लागला, आणि त्या शेअरच्या वेडात होते नव्हते ते घालवून बसला. पण पुढचे ऐका. १८६९ मध्ये आणि पुन्हा १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले. आज भायखळ्याच्या म्युझियमला त्यांचे नाव आहे. माणूस बुडाल्यावर चार वर्षांत शहराने त्याला पुन्हा खुर्ची दिली.

दख्खनच्या कुणब्याला खुर्ची कोण देणार? त्याने दुसरा मार्ग धरला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या घरांत शिरले. त्यांना मुख्यतः हवी होती ती कर्जखते. ती काढली आणि पेटवली. कागद संपला की कर्ज संपले, इतका सरळ विचार. कारकून या नात्याने मला तो हादरवून टाकतो. पण तो अगदीच चूक होता असेही म्हणवत नाही. सरकार दचकले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले, आणि पन्नास रुपये कर्ज असलेल्या शेतकऱ्यालाही नादारीचा अर्ज करण्याची सोय केली. त्या सोयीचा फायदा फारसा कोणी घेतला नाही. 'मी नादार' असे कोर्टात उभे राहून सांगण्यापेक्षा त्याला खत जाळणे कमी लाजेचे वाटले असावे.

आता आमच्या आजोबांकडे येतो. त्यांची हकीकत मला आत्याने सांगितली. आत्या ऐंशी ओलांडलेली आहे आणि तिच्या स्मरणशक्तीपुढे आमच्या बँकेचा सर्व्हर काहीच नाही.

आजोबांचे पेठेत भुसारी दुकान होते. तालमीतला त्यांचा एक जोडीदार ओतकामाचा कारखाना काढायला निघाला. त्याला कर्ज पाहिजे होते आणि कर्जाला जामीन पाहिजे होता. "मित्राला न्हाई म्हणायचं तर तालमीची माती कशाला लावली अंगाला?" असे आजोबा म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली. कारखाना दोन वर्षांत बसला. मित्राने नादारीचा अर्ज केला, कोर्टाने यथावकाश त्याला मोकळा केला आणि घेणेकरी सरळ आजोबांच्या दारात आले.

कारण १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात एक कलम आहे. नादार सुटला तरी त्याचा जामीनदार सुटत नाही. बुडणारा काठावर येतो आणि त्याला हात देणारा पाण्यात राहतो. लोक मला विचारतात, जामीन राहण्यात धोका काय असतो हो? मी त्यांना हे कलम सांगतो. तरीही ते सही करतात. पेठेतली माणसे आहेत.

मग आजोबांनीच अर्ज केला. याच कायद्याप्रमाणे कर्जदाराला अर्ज करायला निदान पाचशे रुपये कर्ज लागते. त्याहून कमी असेल तर नादार व्हायचीसुद्धा तुमची ऐपत नाही. आजोबांची ऐपत पुरेशी होती. दुकान गेले, माल गेला, दुकानामागची राहती जागा गेली. काय राहते, तेही कायद्याने ठरलेले आहे : अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजाने जो बाईच्या अंगावरून उतरत नाही तो दागिना. आजीचे मंगळसूत्र राहिले ते आजोबांच्या कर्तृत्वाने नव्हे, दिवाणी संहितेच्या साठाव्या कलमाने. हिशेबाच्या वह्या मात्र राहत नाहीत. पातेली ठेवा, खतावण्या द्या. आत्या सांगते, दुकान गेले तेव्हा आजोबा बोलले नाहीत. खतावण्यांचा गठ्ठा टांग्यात चढला तेव्हा उठून आत गेले.

नादार ठरल्याचा हुकूम सरकारी गॅझेटात छापतात. आमच्या घराण्यातले छापून आलेले पहिले नाव ते. तीन वर्षांनी सुटकेचा हुकूम झाला, तो कोणी छापला नाही.

सुटकेसाठी नादाराने स्वतः अर्ज करायचा असतो. घेणेकऱ्यांना बोलवायचे, रिसीव्हरचा अहवाल ऐकायचा आणि मग कोर्टाने पूर्ण सुटका द्यायची, लांबणीवर टाकायची, पुढच्या कमाईतून काही भरण्याची अट घालायची किंवा नाहीच म्हणायचे. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेसुद्धा निघत नसतील तर पूर्ण सुटका नाही. त्यात आपला दोष नव्हता हे पटवले तरच मिळते. वह्या ठेवल्या नाहीत, जुगार खेळला, सट्टा केला, ऐपतीबाहेर खर्च केला, तरी नाही. (हे शेवटचे कलम आमच्या पेठेतल्या लग्नांना लावायचे ठरवले तर कार्यालये ओस पडतील.) आजोबांच्या मालमत्तेचे रुपयाला सात आणे निघाले. एक आणा कमी. पण कागदात शेवटी लिहिले आहे, की ही नादारी दुर्दैवाने आली, अर्जदाराच्या गैरवर्तनाने नव्हे. असा दाखला कायद्यात खरोखरच आहे आणि निवडणुकीला वगैरे उभे राहायचे तर तो लागतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला मिळवताना माझे जोडे झिजले आहेत. दुर्दैवाचा दाखला मिळतो हे मला ठाऊक नव्हते. आजोबा कुठल्या निवडणुकीला उभे राहिले नाहीत. त्यांनी तो लाल दोऱ्यात बांधून ठेवला.

तर १९५६ साली कायद्याने नादारी संपली. सरकारचे देणे आणि लबाडीने केलेले कर्ज असल्या काही गोष्टी सोडल्या, तर सुटलेल्या नादाराकडे जुने देणे कोणी मागू शकत नाही. ट्रंकेतला तो कागद बाजूला ठेवताना मला वाटले, प्रकरण मिटले. तेवढ्यात त्याखालची लांबट वही हाती लागली.

वहीत पंधरा-वीस नावे होती. दूधवाला, तेलवाला, शिंपी, पोती शिवणारी बाई, हमाल. प्रत्येकापुढे एक रक्कम आणि दर महिन्याला दोन, तीन, पाच रुपये दिल्याची नोंद. आधी वाटले, भिशी असेल. मग बेरजा मारल्या. सतरा वर्षे काउंटरवर बसल्यावर माणसाला दुसरे काही आले नाही तरी बेरीज येते. प्रत्येकाचे मूळ येणे आणि वहीतली रक्कम यांचा हिशेब एकच निघत होता, रुपयाला नऊ आणे. कोर्टाने दिलेले सात आणे वजा जाता उरलेले नऊ. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा नऊ आण्यांचे सव्वाछप्पन्न नवे पैसे होत होते. आजोबांनी सत्तावन्न धरले आहेत.

सावकाराचे नाव वहीत कुठेही नाही. आजोबा नादार होते, खुळे नव्हते.

१९६८ च्या पुढे अक्षर बदलते. ते माझ्या वडिलांचे. बृहस्पती त्यांनी वाचला नव्हता, आणि तोवर १८६६ चा कायदा होऊन शंभर वर्षे उलटली होती. शेवटची नोंद १९७४ ची आहे : 'तेलवाल्याच्या मंडळींस, बारा रुपये, पुरे.' वडिलांकडे मी शाळेच्या सहलीला पैसे मागितले की ते म्हणायचे, "हिशेब दे आधी." त्यांचा मला फार राग यायचा.

कोल्हापूरला अशी माणसे नवी नाहीत. १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ पेटला. त्यांनी तो पुन्हा उभा केला, कर्जात गेले, आणि १९५९ साली स्टुडिओ लता मंगेशकरांनी घेतला. माणूस तिथून उठून जाईल असे वाटावे. भालजींनी १९६५ मध्ये 'साधी माणसं' काढला आणि त्याला संगीत दिले 'आनंदघन' या नावाने लताबाईंनीच. कागदावर मालक बदलला होता, पण पेठेतले लोक स्टुडिओचा पत्ता सांगताना भालजींचेच नाव घ्यायचे.

मी नोकरीत रोज पाहतो ती नादारी याहून वेगळी आहे. बँकेने कर्ज 'राइट ऑफ' केले की लोक पेढे घेऊन येतात. त्यांना कोणीतरी सांगितलेले असते की कर्ज माफ झाले. ते माफ झालेले नसते, फक्त आमच्या ताळेबंदातून उतरून मागच्या खोलीत बसलेले असते. दुसरे म्हणतात, तीन वर्षे झाली की मुदत संपते. संपते खरी, पण मधेच आम्ही 'बाकी मान्य आहे' अशा छोट्या कागदावर गोड बोलून सही घेतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येते. आणि सगळे होऊन सुटलात तरी सिबिल आहेच. आजोबांना पेठ विसरेपर्यंत थांबावे लागले. आता विसरण्याची जबाबदारीच कोणावर नाही.

२०१६ साली नवी संहिता आली. तिच्याप्रमाणे दिवाळखोराची सुटका फार तर वर्षभरात व्हायची आहे. साठ हजारांच्या आत वार्षिक उत्पन्न, वीस हजारांच्या आत मालमत्ता, पस्तीस हजारांच्या आत कर्ज आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसासाठी तर 'नवी सुरुवात' नावाचे प्रकरण आहे. फक्त ते लागू केलेले नाही. १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाले ते कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरते. म्हणजे जामीनदारांची आठवण सरकारला झाली, पण कंपनीच्या. ओतकामवाल्या मित्राच्या जामीनदाराला अजून १९२० चाच कायदा आहे. त्यात न सुटलेल्या नादाराने आपली नादारी न सांगता पन्नास रुपये किंवा जास्त उधारी केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पन्नास रुपयांत त्या काळी काय काय येत असेल! आता मित्राला घेऊन मिसळ खाल्ली आणि "लिहून ठेवा" म्हटले की गुन्हा पुरा.

सगळा हिशेब घेऊन मी आत्याकडे गेलो. म्हटले, "आत्या, मला तारीख लागत नाही. छप्पन्नला कोर्टाने सोडलं, चौऱ्याहत्तरला वही संपली. आजोबा नक्की सुटले कधी?"

आत्या बंबाजवळ बसली होती. बंब तिने घासून लखलखीत केला होता.

"साठ साली," ती म्हणाली. "शिमग्याच्या आदल्या दिवशी."

"काय झालं होतं?"

"अरे, गल्लीतला एक पोरगा आला. शिलाई मशीन घ्यायचं हुतं त्याला, हप्त्यावर. कागद घेऊन दारात उभा. म्हणाला, आण्णा, जामीन पायजे, तुमची सही चालंल म्हणत्यात दुकानवाले. तुझा आजा नुसता बघतच ऱ्हायला त्याच्याकडं. 'माझी? चालंल म्हणाले?' तीनदा विचारलं बघ."

"आणि आजी?"

"आईनं टाक-दौत उचलली आन् न्हाणीघरात जाऊन आतनं कडी घातली. लई वेळ आली न्हाई भाईर."

"मग?"

"मग काय. आण्णा उठले, सदरा घातला, टोपी घातली. त्या पोराला म्हणाले, चल, शेजाऱ्याकडं पेन असंल."